तापीकाठच्या घळींचा नकाशा उपग्रहचित्रांवरून कसा करावा?

पांझराकाठ

नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. अमळनेर तालुक्यात, नीम-मुडावदजवळच्या पांझरा-तापी संगमाच्या वरच्या अंगाला, तापीच्या दक्षिण काठावर घळींचा जो पट्टा आहे, त्याचा गाववार नकाशा तयार करण्याचे काम आम्ही काही शिक्षकांनी पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांसह हाती घेतले आहे. ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. सपाट काळ्या रानातून चालताना जमीन एकाएकी संपते आणि पुढे उभ्या भिंतींच्या, एकमेकींत गुंतलेल्या घळी थेट नदीपर्यंत उतरत गेलेल्या दिसतात. नदीजवळ त्या खूप खोल आहेत. शेतांकडे येताना उथळ आणि अरुंद होत जातात. त्यांची शेवटची टोके मात्र कापसाच्या, मक्याच्या उभ्या पिकात शिरलेली असतात.

नकाशाचे दोन उद्देश आहेत. प्रत्येक गावाच्या शिवारात किती जमीन घळींखाली आहे हे कळावे, हा पहिला. दुसरा उद्देश आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो: कोणत्या घळी अजून शेताकडे सरकत आहेत हे गावाच्या पाणलोट समितीसमोर ठेवता यावे, म्हणजे बांधबंदिस्तीची सुरुवात कोठून करायची याचा निर्णय समितीला घेता येईल. पैसे देऊन चित्रे घेण्याची आमची ऐपत नाही. क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचे मोफत सॉफ्टवेअर आणि मोफत मिळणारी माहिती एवढ्यावरच काम करायचे आहे.

आतापर्यंत पुढील अडचणी आल्या आहेत. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या एप्रिलमधील चित्राचे संगणकावर रंगांनुसार वर्गीकरण केले, तेव्हा घळींच्या भिंती, नांगरून ठेवलेली रिकामी शेते, गावठाण आणि नदीपात्रातील गाळ हे सर्व एकाच वर्गात आले. जमिनीच्या उंचीच्या ३० मीटर जाळीच्या प्रतिमानावरून जलप्रवाहांचे जाळे काढले, तर मोठ्या घळी बऱ्यापैकी जुळल्या. परंतु लहान घळींच्या जागी प्रवाहाच्या रेषा सपाट शेतातून भलत्याच दिशेने गेल्या. गूगल अर्थवर मात्र डोळ्यांना सगळे स्पष्ट दिसते. मग हाताने आखणे हाच मार्ग आहे का? असल्यास कोणत्या महिन्यातील चित्र घ्यावे, आणि घळीचे नेमके काय आखावे? या भागात काम केलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

नकाशावही

ताई, आपल्या तिन्ही अडचणींमागची कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून त्या एकेक करून पाहू.

सुरुवात मोजमापापासून करावी लागेल. सेंटिनेल-२ चे दृश्य प्रकाशाचे तीन पट्टे आणि निकट-अवरक्त पट्टा १० मीटरचे आहेत, म्हणजे एका पिक्सेलखाली १०० चौरस मीटर जमीन येते. आपला एक गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा. तेव्हा सेंटिनेलचा एक पिक्सेल म्हणजे एक गुंठा, आणि लँडसॅटचा ३० मीटरचा एक पिक्सेल म्हणजे जवळपास नऊ गुंठे, असे धरून चालायला हरकत नाही. घळीची भिंत, तळ, काठावरची बाभूळ आणि शेजारचे पीक हे सगळे त्या एका गुंठ्यात मिसळले, तर त्या पिक्सेलचा रंग यांपैकी कशाचाच नसतो. घळीच्या रुंदीत निदान तीन पिक्सेल बसल्याशिवाय तिची कड भरवशाने आखता येत नाही, हे मान्य केले तर सेंटिनेलवर ३० मीटरपेक्षा अरुंद घळ आखण्याचा हट्ट सोडावा लागतो. समितीला ज्यांत रस आहे ती शेतात शिरलेली टोके तर दोन ते पाच मीटर रुंदीची असतात. त्यामुळे नदीलगतचा मोठा पट्टा सेंटिनेलवरून आणि घळींची डोकी, म्हणजे ही शेताकडची टोके, अधिक बारकाव्याच्या चित्रांवरून, अशी कामाची विभागणी आधीच करून घ्यावी.

आता रंगाविषयी. या भागात वर काळी माती आणि तिच्याखाली पिवळसर तपकिरी, चुनखडीचे खडे असलेला गाळ आहे. घळीने काळी माती कापली की तो फिकट थर उघडा पडतो आणि लाल तसेच लघुतरंग-अवरक्त पट्ट्यांत तो उजळ दिसतो, म्हणून उजळपणावरून घळी सापडतील अशी अपेक्षा केली जाते. ती काळ्या रानाच्या पार्श्वभूमीवर काही अंशी खरीही ठरते. तरी गावठाणाची माती, वीटभट्टीचा परिसर, नुकतीच सपाट केलेली जमीन आणि शेततळ्याचे भराव हे सर्व त्याच थराचे असतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत सगळे रान उघडे असल्याने हा गोंधळ वर्षातील सर्वाधिक असतो. शिवाय लघुतरंग-अवरक्त पट्टे २० मीटरचे आहेत, म्हणजे चार गुंठ्यांचा एक पिक्सेल.

मग महिना कोणता? माझे मत डिसेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारी असे आहे. त्या वेळी घळीतील गवत वाळलेले असते, शेजारच्या रानात गहू, हरभरा, रब्बी मका किंवा केळी हिरवी असते, आकाश बहुधा स्वच्छ असते आणि मुख्य म्हणजे सूर्य खाली असतो. हा शेवटचा मुद्दा आकड्यांत मांडतो, कारण घळ डोळ्यांना दिसते ती रंगापेक्षा सावलीमुळे. सेंटिनेल आणि लँडसॅट आपल्याकडे सकाळी साडेदहाच्या सुमारास येतात. २१ अंश अक्षांशावर डिसेंबरअखेरीस त्या वेळी सूर्य क्षितिजापासून साधारण ४० अंशांवर असतो. पाच मीटर खोल उभ्या भिंतीची सावली सहा मीटर पडते. मेमध्ये त्याच वेळी सूर्य सत्तर अंशांच्या आसपास चढलेला असतो आणि त्याच भिंतीची सावली दोन मीटरही भरत नाही.

परंतु यात तापीकाठी एक अडचण आहे आणि ती लक्षात ठेवणे फार आवश्यक आहे. डिसेंबरमध्ये साडेदहाला सूर्य आग्नेयेपेक्षाही दक्षिणेकडे झुकलेला असतो. जळगाव ते अमळनेर या पट्ट्यात तापी ढोबळमानाने पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, त्यामुळे तिला मिळणाऱ्या मुख्य घळी उत्तर-दक्षिण पसरलेल्या आहेत आणि सूर्यकिरण त्यांच्या लांबीच्या दिशेशी फक्त तीस अंशांच्या आसपास कोन करतात. त्यामुळे मुख्य घळीत सहा मीटरच्या सावलीपैकी जेमतेम तीन मीटर आडव्या दिशेने पडतात, तर तिला पूर्व-पश्चिम येऊन मिळणाऱ्या फांद्यांत जवळजवळ पूर्ण सावली पडते. परिणाम असा की, उपघळी ठळक आणि मूळ घळ पुसट, असे चित्र दिसते. नकाशा काढणारा नकळत उपघळींनाच अधिक वजन देतो. मुडावदच्या पुढे प्रकाशा गावाकडे जाताना नदी वायव्येकडे कलते, तेथे मुख्य घळींवरही सावली चांगली पडते. म्हणून एकाच विद्यार्थ्याने दोन्ही भाग आखले तरी दोन्हीकडील घळींच्या दाटपणाची तुलना करताना हा फरक विचारात घ्यावाच लागेल. हाच हिशेब गूगल अर्थवरील चित्रांनाही लागू आहे. तेथे चित्राची तारीख दिसते, ती प्रत्येक रेषेसोबत नोंदवावी.

उंचीच्या प्रतिमानाबद्दल आपला अनुभव अपेक्षितच आहे. मोफत मिळणारी एसआरटीएम, कोपर्निकस आणि इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरील कार्टोडेम ही तिन्ही प्रतिमाने ३० मीटरच्या जाळीची आहेत. तीन मीटर खोल आणि आठ मीटर रुंद घळ त्या जाळीत विरून जाते. एसआरटीएम फेब्रुवारी २००० मधील मोजणीवर आधारलेले आहे आणि कोपर्निकसची मूळ मोजणी २०११ ते २०१५ या काळातील आहे, त्यामुळे त्यानंतर झालेले बदल त्यांत असूच शकत नाहीत. शिवाय ही दोन्ही रडारची प्रतिमाने आहेत. घळीत वेड्या बाभळीचे रान माजलेले असेल, तर मोजली जाणारी उंची झाडांच्या शेंड्यांच्या जवळची असते आणि घळ भरलेली भासते. मात्र यामुळे प्रतिमान टाकून देऊ नये. घळीच्या डोक्याच्या वर किती रानाचे पाणी त्या डोक्याकडे येते आणि त्या रानाचा उतार किती आहे, हे काढण्यासाठी ते पुष्कळ अंशी पुरते. पाणलोटाचे क्षेत्र मोठे असेल तर थोड्या उतारावरही घळ सुरू होते आणि क्षेत्र लहान असेल तर त्यासाठी अधिक उतार लागतो, हे नाते भूरूपशास्त्रात १९७० च्या दशकापासून मांडले गेले आहे. आपल्या डोक्यांची यादी या दोन आकड्यांसह तयार झाली, तर कोणते डोके अजून सरकू शकते याचा पहिला अंदाज तेथेच मिळेल.

आता काय आखावे. प्रत्येक घळीसाठी तीन गोष्टी स्वतंत्र थरांत ठेवाव्यात: वरच्या सपाटीवरून जमीन जेथे तुटते ती कड बहुभुज म्हणून, तळातील प्रवाहाची रेषा, आणि डोक्याचा बिंदू. क्षेत्रफळाचा आकडा अहवालात छान दिसतो, पण समितीच्या कामाचा आहे तो बिंदू. आखताना पडद्यावरील प्रमाण १:२,००० असे एकच ठरवून घ्यावे. एकाने जवळ जाऊन आणि दुसऱ्याने लांबून आखले, तर एकाच घळीच्या कडेत मोठा फरक पडतो. एक लहानसा भाग दोन विद्यार्थ्यांकडून एकमेकांना न दाखवता आखून घ्यावा आणि त्यांच्यातील फरक मोजावा. पुढे सगळ्या नकाशाची त्रुटी सांगताना तोच आकडा उपयोगी पडेल. सर्व काम यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर विभागात करावे, म्हणजे मोजमापे थेट मीटरमध्ये मिळतील.

काळीमाती

वरील उत्तर वाचून समाधान वाटले. मी मृदसंधारणाच्या कामात आयुष्यातील बरीच वर्षे घालवली आहेत आणि तापी, बोरी, गिरणा यांच्या काठांवर पायी फिरलेलो आहे, म्हणून चित्रात जे फसवे दिसते त्याविषयी लिहितो.

सर्वांत मोठी फसगत सपाट केलेल्या जमिनीची होते. ट्रॅक्टर, बुलडोझर आणि आता जेसीबी यांच्या साहाय्याने शेतकऱ्यांनी घळींची डोकी आणि उथळ फाटे बुजवून तेथे शेते केली आहेत. त्यामागे मेहनत आणि मोठा खर्च असतो, आणि कुटुंब वाढले की जमीन वाढवण्याचा दुसरा मार्ग अनेकांकडे नसतो. म्हणून या कामाकडे केवळ चूक म्हणून पाहू नये, अशी माझी विनंती आहे. परंतु दोन वर्षांच्या चित्रांची तुलना केली की घळींखालचे क्षेत्र कमी झालेले दिसते आणि अहवालात धूप आटोक्यात आल्याचे लिहिले जाते. प्रत्यक्षात पाण्याची वाट तीच असते. बुजवलेली माती सैल असते, तिच्यात मूळ थराचा घट्टपणा नसतो, आणि बाजूने पाणी काढून दिलेले नसेल तर एखाद्या जोरदार पावसात नेमकी जुनीच घळ पुन्हा उघडते. त्यामुळे नकाशात ‘घळ’ आणि ‘घळ नाही’ असे दोनच वर्ग न ठेवता ‘सपाट केलेली घळ’ असा तिसरा वर्ग ठेवावा. चित्रात तो ओळखण्याच्या खुणा आहेत: काळ्या रानात फिकट, नागमोडी कडांचा डाग, त्याच्या खालच्या टोकाला उभा भराव आणि त्या भरावाखाली जुन्या घळीचा उरलेला भाग.

दुसरी फसगत याच्या उलट आहे. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान जाहीर झाल्यानंतर गावोगाव नाल्यांचे खोलीकरण आणि रुंदीकरण झाले, आणि शिरपूर तालुक्यात तर त्याच्याही आधीपासून अशी कामे मोठ्या प्रमाणावर झालेली आहेत. वरून पाहता असा नाला उभ्या भिंतींचा, खोल सावलीचा आणि फिकट मातीचा दिसतो, म्हणजे घळीच्या सर्व खुणा त्याच्यात असतात. मात्र त्याची रुंदी एकसारखी असते, वळणे यंत्राने कापल्यासारखी असतात, दोन्ही काठांवर काढलेल्या गाळाचे ढीग असतात आणि ठरावीक अंतरावर सिमेंट बंधारे आडवे दिसतात. खरी घळ डोक्याकडे फाटे फोडत अरुंद होत जाते.

घळी येथेच का, हे विद्यार्थ्यांना समजावून सांगावे, म्हणजे आखताना त्यांची नजर योग्य जागी जाईल. तापीच्या खोऱ्यात बेसाल्टवर नदीने आणलेल्या गाळाचा जाड थर आहे आणि नदीने स्वतःच्याच गाळात खोल पात्र कोरले आहे. वरचे रान आणि नदीचा तळ यांच्यातील ही उंची काठावरच्या प्रत्येक ओघळीला मिळते. गाळ बारीक असल्याने भिंती उभ्या राहतात, पण पायथा भिजला की त्यांचे मोठे चिरे निखळून पडतात. वरच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात खोल भेगा पडतात. पावसाळ्याच्या सुरुवातीचे पाणी त्या भेगांत शिरते आणि जमिनीखालून बोगदे कोरीत घळीच्या भिंतीत बाहेर पडते. पुढे बोगद्याचे छत कोसळते आणि घळ एकदम कित्येक मीटर मागे आलेली दिसते. डोक्याच्या वर शेतात गोल खड्डे किंवा खचलेल्या जागा आढळल्या तर ते डोके पुढच्या पावसात सरकणार असे समजावे. हे खड्डे मोफत चित्रांत सहसा दिसत नाहीत, त्यासाठी जागेवरच जावे लागते.

सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-रावेर-चोपडा भागात, परिस्थिती वेगळी आहे. तेथे डोंगरातून आलेल्या दगडगोट्यांचे पंख्यासारखे पसरलेले थर आहेत, नाले रुंद आणि उथळ आहेत. तेथील नाल्यांना दक्षिणेकडच्या घळींचे निकष लावू नयेत. त्याच तालुक्यांत नदीलगत मात्र पुन्हा गाळाची जमीन आणि घळी आहेत.

आणखी एक निरीक्षण. पुष्कळशा डोक्यांकडे वरून गाडवाट किंवा शिवरस्ता येतो. वाट वर्षानुवर्षे दबून आजूबाजूच्या रानापेक्षा खाली गेलेली असते, पावसाळ्यात दोन्हीकडच्या शेतांचे पाणी तिच्यात उतरते आणि ती तापीच्या दिशेने जात असल्यामुळे ते सर्व पाणी एका ठिकाणी आणून ओतते. उंचीच्या ३० मीटरच्या प्रतिमानाला ही वाट दिसत नाही, म्हणून ते पाणलोटाचे क्षेत्र चुकीचे दाखवते. चित्रात वाट स्पष्ट दिसते. प्रत्येक डोक्यासाठी ‘वाट येऊन मिळते का’ असा रकाना अवश्य ठेवा, कारण अशा ठिकाणी बांध घालण्यापेक्षा वाटेवरचे पाणी वर अडवून बाजूला वळवणे स्वस्त आणि टिकाऊ असते. या गाळाच्या भागात दगड मिळत नाही; अनघड दगडी बांधासाठी तो लांबून आणावा लागतो, आणि नुसत्या मातीचा बांध घातला तर पाणी त्याच्या कडेने किंवा बुडातून वाट काढते. निरगुडी, घायपात, वाळा, बांबू यांची लागवड डोक्याच्या वरच्या बाजूस आणि उथळ फाट्यांच्या तळात केली, तर ती तग धरते.

अवकाशवेध

दोन लहान गोष्टी सांगतो.

संगणकाकडून आपोआप घळी शोधून घेण्याचा मोह होईल. तो करून पाहण्यास हरकत नाही, परंतु त्याची अचूकता तपासताना पिक्सेल सगळ्या क्षेत्रातून विखरून निवडू नयेत. काही गावे संगणकाला शिकवण्यासाठी आणि वेगळी गावे तपासणीसाठी ठेवावीत, नाहीतर शेजारचा पिक्सेल पाहून दिलेले उत्तर बरोबर ठरते. एकूण अचूकतेच्या टक्केवारीवरही विसंबू नये. एखाद्या गावात पाच टक्के जमीन घळींखाली असेल आणि नकाशाने कोठेही घळ नाही असे सांगितले, तरी तो नकाशा ९५ टक्के अचूक ठरतो. खऱ्या घळींपैकी किती सापडल्या आणि सापडल्या म्हणून दाखवलेल्यांपैकी किती खऱ्या, हे दोन आकडे वेगळे द्यावेत.

दुसरी गोष्ट जुन्या चित्रांची. अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात काढलेली छायाचित्रे १९९५ मध्ये खुली झाली आणि ती अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावरून मिळतात. १९६७ नंतरच्या कॅमेऱ्यांचा बारकावा दोन मीटरच्या आसपास आहे. यंत्रांनी जमिनी सपाट होण्याआधीचा तापीकाठ त्यांत पाहायला मिळतो. आपल्याला ‘सपाट केलेली घळ’ हा वर्ग खात्रीने भरायचा असेल, तर याहून चांगला पुरावा नाही. फिल्म लांबट पट्टीची असल्याने तिच्या दोन्ही टोकांना प्रमाण बदलते आणि चित्र ताणलेले असते. म्हणून पूर्ण पट्टी एकदम जुळवण्याऐवजी एकेका गावाचा तुकडा कापून जुळवावा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशेही जोडीला घ्यावेत. अमळनेरचा भाग ४६ ओ या पत्रकसमूहात येतो.

पांझराकाठ

सर्वांची मनापासून आभारी आहे. ‘सपाट केलेली घळ’ हा वर्ग आणि गाडवाटेचा रकाना आम्ही लगेच समाविष्ट करीत आहोत. सावलीच्या दिशेचा मुद्दा वर्गात शिकवण्याच्या योग्यतेचा आहे.

आणखी दोन शंका आहेत. गूगल अर्थवरील दोन वेगवेगळ्या वर्षांच्या चित्रांत एखादे डोके काही मीटर मागे सरकलेले दिसले, तर ते खरोखर सरकले असे केव्हा म्हणता येईल? आणि हा नकाशा गट नंबरांवर कसा बसवावा? समितीच्या बैठकीत प्रत्येक शेतकरी आपला गट विचारतो, आणि अक्षांश-रेखांश सांगून त्याचे समाधान होत नाही.

नकाशावही

पहिल्या शंकेचे उत्तर देतो. गूगल अर्थवरील वेगवेगळ्या तारखांची चित्रे एकमेकांवर तंतोतंत बसलेली नसतात. त्यांच्यात काही मीटरांचे सरकणे असते आणि ते ठिकाणागणिक बदलते. म्हणून प्रत्येक डोक्याच्या जवळपास न हलणाऱ्या खुणा शोधाव्यात: बांधीव विहिरीचा कठडा, देवळाचा चौथरा, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाच्या मोऱ्या, जुन्या पुलाचे कोपरे. झाडे आणि शेताचे बांध घेऊ नयेत. या खुणा दोन चित्रांत किती सरकलेल्या दिसतात ते मोजावे. समजा ते सरकणे तीन मीटर आहे आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या आखणीतील फरक चार मीटर आहे. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की पाच मीटर येतात. डोके पाच मीटरपेक्षा कमी सरकलेले दिसत असेल, तर तेथे ‘बदल सिद्ध होत नाही’ असे लिहावे.

त्याहून अधिक सरकलेल्या डोक्यांसाठीही एकूण अंतराला वर्षांनी भागून ‘दरवर्षी इतके मीटर’ असा आकडा काढण्याची घाई करू नये. ‘काळीमाती’ यांनी सांगितलेले बोगदे आणि कोसळणे लक्षात घेतले, तर घळ कित्येक वर्षे जागच्या जागी राहते आणि एखाद्या मुसळधार पावसात एकदम मागे येते. दोन तारखा आणि त्यांच्यामधले अंतर एवढेच द्यावे. मधल्या वर्षांची चित्रे उपलब्ध असतील तर ती पाहून कोणत्या पावसाळ्यात उडी घेतली ते शोधावे, आणि तालुक्याच्या पर्जन्यमापकाच्या दैनिक नोंदींशी ते जुळवावे. रेल्वेची किंवा रस्त्याची मोरी घळीच्या वाटेत असेल, तर तिचेही स्थान नोंदवा. मोरीचा पक्का तळ घळीला आणखी खोल जाऊ देत नाही, त्यामुळे तिच्या वरचे डोके बहुधा थांबलेले असते आणि खालच्या बाजूची खोदाई मात्र वाढलेली असते.

काळीमाती

ताई, गट नंबरांविषयी. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत मिळते. ती स्कॅन करून बसवताना गावठाणाच्या कोपऱ्यांचा आधार घेऊ नये, कारण गावठाण वाढलेले असते. तीन गावांच्या शिवा जेथे मिळतात तेथील शिवेचे दगड शोधावेत. जाणकार कोतवाल किंवा जुने पोलीस पाटील ते दाखवू शकतात. त्यांची जीपीएसने नोंद घेऊन त्यांवर नकाशा बसवावा. नदीची बाजू मात्र जुळणार नाही. जुन्या मोजणीनंतर काठ ढासळलेला आहे, म्हणून नदीकडच्या कडेवर नकाशा ओढूनताणून बसवला तर सगळे गट दक्षिणेला सरकतील. तीन-चार पक्के दगड दक्षिणेकडे आणि दोन्ही बाजूंच्या शिवांवर मिळाले तर तेवढे पुरे.

नकाशा बसला की प्रत्येक गटाच्या सातबाऱ्यावरील पोटखराबा ‘अ’ वर्गाचे क्षेत्र आपल्या घळींच्या क्षेत्राशी ताडून पाहावे. लागवडीस अयोग्य म्हणून नोंदलेला हा भाग घळींच्या पट्ट्यात मुख्यतः घळींचाच असतो. सातबाऱ्यावर पोटखराबा मोठा आणि चित्रात तेथे पीक उभे असेल, तर ती सपाट केलेली घळ असण्याची शक्यता अधिक. सातबाऱ्यावर पोटखराबा नाही आणि चित्रात घळ आहे, तर ती मोजणीनंतर आत आलेली आहे. या दुसऱ्या प्रकारच्या गटांची यादी वेगळी काढा आणि दसऱ्यानंतर, वाटा वाळल्या की, सर्वांत आधी त्या डोक्यांवर जा. त्या शेतकऱ्याला घळ कोणत्या वर्षी कोणत्या बांधापर्यंत आली होती हे नेमके ठाऊक असते, आणि ते त्याच्यासमोर नकाशाच्या प्रतीवर लिहून घेतले म्हणजे ‘नकाशावही’ यांनी सांगितलेल्या तारखांमधल्या रिकाम्या वर्षांची माहिती पुष्कळशी भरून निघेल.